पहिल्याच डोसला कोसळलेले रुग्ण : सेटुक्सिमॅबचे प्रकरण

सेटुक्सिमॅबला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, ती मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी. दोन वर्षांनी डोके-मानेच्या कर्करोगासाठीही मिळाली. हे औषध म्हणजे एक अँटिबॉडीच. पेशीला वाढीचा हुकूम देणाऱ्या ईजीएफआर या रिसेप्टरवर ती जाऊन बसते आणि तो हुकूम अडवते. शिरेतून थेंबथेंब द्यायचे औषध. अशा औषधांनी कधी थंडी वाजते, कधी ताप येतो, हे कर्करोगाच्या वॉर्डात कोणाला नवीन नाही. गंभीर रिॲक्शनचे प्रमाण माहितीपत्रकात साधारण ३ टक्के दिलेले होते.

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या डॉक्टरांना मात्र भलतेच दिसत होते. औषध सुरू करून काही मिनिटे होतात न होतात तोच रुग्णाच्या तळहातांना खाज सुटायची, अंगभर पित्त उठायचे, घसा आवळायचा, रक्तदाब कोसळायचा. साधी थंडी-तापाची रिॲक्शन नव्हे, सरळ ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी जीवघेणी ॲलर्जी. २००७ मध्ये या दोन राज्यांतल्या ८८ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर रिॲक्शनचे प्रमाण निघाले २२ टक्के. म्हणजे जवळपास दर पाच रुग्णांत एक. आधीपासून कसली ना कसली ॲलर्जी असलेल्यांत ते आणखी जास्त होते. उत्तरेकडे बोस्टनमध्ये हेच औषध, त्याच मात्रेत, फारशी कुरबूर न होता दिले जात होते.

या प्रकरणात दोन कोडी होती. राज्य बदलले की रिॲक्शनचे प्रमाण का बदलते, हे पहिले. ते सगळ्यांना दिसले. दुसरे कोडे जास्त खोल होते: यातल्या बहुतेक रिॲक्शन पहिल्याच डोसला आल्या होत्या. ॲलर्जीशास्त्राच्या हिशेबात हे बसत नाही. का बसत नाही ते कळायला आधी पेशींकडे वळावे लागेल, आणि तिथे जरा वेळ काढावा लागेल.

मास्ट पेशी

मास्ट पेशी रक्तात भटकत नाहीत, ठाण मांडून असतात. कातडीत, नाकात, श्वासनलिकेच्या अस्तरात, आतड्यात, हृदयात, आणि बहुतेक ठिकाणी बारीक रक्तवाहिन्यांना खेटून. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या दाखवल्या. पेशीचे पोट दाण्यांनी ठासून भरलेले असते. त्या दाण्यांत हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपॅरिन अशी रसायने आधीच तयार करून ठेवलेली असतात. हे ‘आधीच’ महत्त्वाचे आहे. शरीराच्या बहुतेक संरक्षक पेशींना हाक आल्यावर कामाला लागायला तास, कधी दिवस लागतात. मास्ट पेशीला नुसते दार उघडायचे असते.

पण ते दार ती आपण होऊन सहसा उघडत नाही. तिच्या पृष्ठभागावर लाखांच्या घरात रिसेप्टर असतात आणि त्यांना आयजीई जातीच्या अँटिबॉडी शेपटीकडून चिकटलेल्या असतात, तोंडे बाहेर. आयजीई ही रक्तातली सगळ्यांत दुर्मीळ अँटिबॉडी. इतकी दुर्मीळ, की तिचा शोध लागायला १९६६-६७ साल उजाडले. डेन्व्हरमध्ये काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधल्या उप्साला इथले जोहान्सन व बेनिच, या दोन गटांनी ती वेगवेगळ्या वाटांनी शोधली. रक्तात मोकळी फिरणारी आयजीई दोनेक दिवसांत निम्म्यावर येते. मास्ट पेशीला चिकटली की मात्र आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणून रक्ततपासणीत आयजीई कमी दिसली तरी कातडी ‘भरलेली’ असू शकते.

एका आयजीईच्या तोंडात तिचा पदार्थ आला म्हणून काही होत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही. शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकाच कणाने जोडले पाहिजे. तसे झाले की खालचे रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात, पेशीच्या आतल्या बाजूला लिन आणि सिक नावाची एन्झाइम जागी होतात, त्यांच्यापुढची साखळी चालू होते, पेशीत कॅल्शियम उसळते आणि दाणे पृष्ठभागाशी येऊन रिकामे होतात. हे सगळे काही मिनिटांत. त्याच सुमारास पेशी आपल्याच आवरणातल्या चरबीपासून ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन बनवायला घेते. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्राइन हिस्टामिनला कितीतरी भारी पडते. काही तासांनी तिसरी फळी येते, सायटोकाइनची, म्हणजे पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनांची. त्यामुळे सूज रेंगाळते, आणि बरा वाटणारा रुग्ण कधी कधी काही तासांनी पुन्हा ढासळतो.

हीच घटना एखाद्या जागी घडली तर गांधी उठते किंवा नाक गळते. पदार्थ रक्तातून सगळीकडे पोचला आणि अंगभरच्या मास्ट पेशी एकाच वेळी रिकाम्या झाल्या, की त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणायचे. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि गळू लागतात. दहा मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतल्या द्रवाचा तिसरा हिस्सा, कधी ३५ टक्क्यांपर्यंत, बाहेरच्या ऊतींत झिरपू शकतो. रक्ताचा थेंब बाहेर सांडलेला नसतो, तरी हृदयाला पंप करायला रक्त कमी पडते.

आता पहिल्या डोसचे कोडे. विशिष्ट पदार्थाला ओळखणारी आयजीई जन्मजात नसते. पदार्थ एकदा शरीरात यावा लागतो, पहाऱ्यावरच्या डेंड्रिटिक पेशीने तो संरक्षणाची दिशा ठरवणाऱ्या टी पेशीला दाखवावा लागतो, टी पेशी टीएच-२ वळणाची, म्हणजे ॲलर्जीच्या वळणाची व्हावी लागते, तिने इंटरल्युकिन-४ आणि १३ हे निरोप सोडून अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशीला आयजीई बनवायला लावावे लागते. याला आठवडे लागतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिसचे पहिले वर्णन केले, ते याच नियमावर. समुद्रफुलाच्या विषाची पहिली मात्रा सोसलेला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या, तशा किरकोळ मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशे यांना त्यासाठी १९१३चे नोबेल मिळाले. पहिली भेट पेशी सज्ज करते, दुसरी भेट घात करते. टेनेसीतल्या रुग्णांनी मात्र सेटुक्सिमॅब आयुष्यात पहिल्यांदाच घेतले होते.

नियम खरा मानायचा तर एकच निष्कर्ष उरतो. या माणसांची ‘पहिली भेट’ आधीच होऊन गेली होती. औषधाशी नव्हे, औषधात असलेल्या कशाशी तरी.

औषधाआधीचे रक्त

व्हर्जिनिया विद्यापीठातले ॲलर्जीतज्ज्ञ थॉमस प्लॅट्स-मिल्स या प्रकरणात आले. धुळीतल्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांवर आणि दम्यावर आयुष्य घालवलेला हा माणूस, कर्करोगाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्या प्रयोगशाळेने सेटुक्सिमॅबला चिकटणारी आयजीई मोजायची चाचणी तयार केली. यातली खरी हुशारी मला नमुन्यांच्या निवडीत दिसते. रिॲक्शन येऊन गेल्यावरचे रक्त तपासले असते तर औषधानेच आयजीई तयार केली, असे कोणीही म्हटले असते. त्यांनी मिळवले औषध देण्याआधी काढून ठेवलेले रक्त.

निकाल २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. औषध घेतलेल्या ७६ जणांपैकी २५ जणांना रिॲक्शन आली होती. त्या २५ पैकी १७ जणांच्या आधीच्या रक्तात सेटुक्सिमॅबविरोधी आयजीई होती. ज्यांना काही झाले नाही अशा ५१ जणांत ती फक्त एकाकडे सापडली. मग त्यांनी हे औषध कधीच न घेतलेल्या लोकांचे रक्त पाहिले. टेनेसीत ७२ पैकी १५ जणांत ती आयजीई होती, २०.८ टक्के. उत्तर कॅलिफोर्नियात ४९ पैकी ३. बोस्टनमध्ये ३४१ पैकी फक्त २. म्हणजे दोन कोडी नव्हतीच, एकच होते. टेनेसीतल्या मातीत असे काहीतरी होते, जे सेटुक्सिमॅब जन्माला येण्याआधीपासून तिथल्या माणसांच्या मास्ट पेशी सज्ज करत होते.

ती आयजीई औषधाच्या नेमक्या कोणत्या तुकड्याला धरते? सेटुक्सिमॅब उंदराच्या पेशींत, एसपी२/० नावाच्या पेशीवंशात बनवतात. उंदराच्या पेशी आपल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवतात आणि त्यांच्या टोकाशी गॅलॅक्टोज-अल्फा-१,३-गॅलॅक्टोज ही जोडसाखर लावतात. संशोधक तिला नुसते अल्फा-गॅल म्हणतात. हेच औषध चिनी हॅम्स्टरच्या विशिष्ट पेशींत बनवून पाहिले, तेव्हा त्यावर ही साखर नव्हती आणि रुग्णांची आयजीई त्याला चिकटलीच नाही. गुन्हेगार प्रथिन नव्हते. साखर होती.

तज्ज्ञांना ही गोष्ट पचायला जड गेली, आणि ते साहजिक होते. वनस्पतींच्या साखरेला चिकटणारी आयजीई अनेकांच्या रक्तात सापडते आणि तिने बहुतेकांना काडीचाही त्रास होत नाही. त्यामुळे साखरेविरुद्धची आयजीई म्हणजे चाचणीतला गोंगाट, असे गृहीत धरले जायचे. इथे मात्र एक साखरच माणसांच्या जिवावर उठली होती.

अल्फा-गॅल गाय, डुक्कर, शेळी, मेंढी, कुत्रा, उंदीर, जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत असते. माणसात, वानरांत आणि जुन्या जगातल्या माकडांत नसते. ती जोडणारे एन्झाइम आपल्या पूर्वजांनी दोन-तीन कोटी वर्षांपूर्वी गमावले. त्यामुळे आपल्या शरीराच्या लेखी ती परकी. आतड्यातले जिवाणू तशाच साखरा बाळगतात, म्हणून प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी आयजीजी (रक्तातली सगळ्यांत नेहमीची अँटिबॉडी) भरपूर असते, एकूण आयजीजीच्या जवळपास एक टक्का. डुकराचे अवयव माणसाला बसवताना पहिली भिंत हीच लागते. पण आयजीजीने मास्ट पेशी अशा सज्ज होत नाहीत. टेनेसीतल्या लोकांत याच साखरेविरुद्ध आयजीई कोणी तयार केली, हा प्रश्न अजून शिल्लक होता.

रात्री दोनचे पित्त

एवढी आयजीई अंगात घेऊन फिरणारी माणसे रोज गोमांस, डुकराचे मांस खात होती. त्यांना काही व्हायला नको? प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी स्कॉट कॉमिन्स यांनी ॲलर्जी क्लिनिकमधल्या रुग्णांना विचारायला सुरुवात केली, आणि उत्तर आधीपासून त्यांच्या फायलींत पडून असल्याचे दिसले. ‘कारण अज्ञात’ असा शिक्का बसलेले ॲनाफिलॅक्सिसचे रुग्ण होते ते. बहुतेक प्रौढ, आयुष्यभर मांस खाल्लेले. रात्री झोपेतून खाज सुटून उठायचे, अंगावर गांधी, पोटात मुरडा, कोणी बाथरूममध्ये जाऊन कोसळायचे. जेवण चार-पाच तासांपूर्वीचे. अन्नाची ॲलर्जी म्हटली की दोन तासांच्या आत, हे प्रत्येक डॉक्टरने पाठ केलेले असते, त्यामुळे जेवणावर संशय गेलाच नव्हता. कातडीवर टोचून करायच्या चाचणीत मांसाच्या तयार अर्काने जेमतेम फोड यायचा, निगेटिव्ह म्हणून सोडून देण्याइतका. २००९ मध्ये अशा २४ रुग्णांचा अहवाल आला. तांबडे मांस खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी रिॲक्शन, आणि सगळ्यांच्या रक्तात अल्फा-गॅलविरोधी आयजीई. कोंबडी आणि मासे त्यांना चालत होते, कारण त्यांच्यात ही साखर नसते.

कारणाचा शोध लागला तो नकाशावर. बुरशीजन्य आजार, जंत असे तर्क चालू होते. रिॲक्शनचा भूभाग आणि रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या तापाचा भूभाग एकमेकांवर जवळजवळ बसतात, हे प्रयोगशाळेतल्या एका तरुण सहायकाच्या लक्षात आले. तो ताप गोचिडीमुळे होतो. आग्नेय अमेरिकेच्या झाडीत ‘लोन स्टार’ नावाची गोचीड माजलेली आहे. मादीच्या पाठीवर एक पांढरा ठिपका असतो, त्यावरून ती ओळखू येते. हरणांबरोबर तीही वाढली आणि उत्तरेकडे सरकत गेली.

पुरावा प्लॅट्स-मिल्स यांच्या स्वतःच्या अंगावर मिळाला. ऑगस्ट २००७ मध्ये ते ब्लू रिज डोंगरात भटकायला गेले आणि घरी आले ते घोट्यांपर्यंत चिकटलेली गोचिडीची बारीक पिल्ले (लार्व्हा) घेऊन. संशोधकाचा पिंड, त्यांनी आपलेच रक्त पुन्हा पुन्हा तपासायला लावले. अल्फा-गॅलविरोधी आयजीई चढत गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी रात्रीच्या जेवणात मेंढीचे चॉप खाल्ले आणि मध्यरात्रीनंतर अंगभर पित्त उठून जागे झाले. २०११ च्या अहवालात गोचीड चावल्यावर तीन जणांची ही आयजीई वीसपट किंवा त्याहून जास्त वाढल्याची नोंद आहे.

खरे तर सिडनीत शेरिल व्हान न्यूनेन यांनी हा संबंध आधीच, २००७ मध्ये मांडला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या मांसाच्या ॲलर्जीच्या रुग्णांना जवळपास सगळ्यांना गोचीड चावलेली असायची. तिथली गोचीड वेगळ्या जातीची, आणि जबाबदार साखर कोणती हे त्यांच्यापाशी नव्हते. पण निरीक्षण पक्के होते, आणि ते दवाखान्यात बसून, रुग्णांना प्रश्न विचारून केलेले होते. अमेरिकी कहाणी सांगताना हे नाव बऱ्याचदा गाळले जाते.

गोचीडच का? डास चावून उडून जातो. गोचीड कातडीत दिवसचे दिवस रुतून असते, रक्त ओढते आणि लाळ सोडते. युरोपातल्या गोचिडीच्या आतड्यात अल्फा-गॅल प्रत्यक्ष सापडली आहे. शिवाय पदार्थ तोंडावाटे आला तर रोगप्रतिकारशक्ती तो बहुधा सोसायला शिकते. जखमी कातडीतून आला तर कातडीच्या पेशी टीएसएलपी आणि इंटरल्युकिन-३३ असे इशारे सोडतात, आणि तेच टी पेशींना टीएच-२ च्या वळणावर नेतात. अल्फा-गॅलला ओळखणाऱ्या, आयजीजी बनवणाऱ्या बी पेशी आपल्यात आधीच असतात. त्यांपैकी काहींना हे इशारे आयजीईकडे वळवत असावेत, असा अंदाज आहे. तोंडाने वर्षानुवर्षे खाल्लेले मांस जे करत नाही, ते पायाला चिकटलेली तिळाएवढी गोचीड करते.

उशीर कोणाचा?

या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग मला हा वाटतो. साखर एक, आयजीई एक, मास्ट पेशीही त्याच. मग औषधाने पाच-दहा मिनिटांत आणि मांसाने पाच तासांनी का?

सेटुक्सिमॅब थेट शिरेत जाते. त्याच्या प्रत्येक रेणूला दोन जड साखळ्या, दोन्हींवर अल्फा-गॅलची जागा. म्हणजे दोन आयजीईंना जोडायची सोय एकाच रेणूत. तो रक्तासोबत एका फेरीत अंगभर पोचतो. मांसातली अल्फा-गॅल दोन रूपांत असते, काही प्रथिनांवर, काही चरबीवर. चरबीवरची साखर आतड्याच्या पेशी शोषून घेतात, कायलोमायक्रॉन नावाच्या चरबीच्या गोळ्यांत बांधतात, आणि ते गोळे रक्तात न जाता आधी लसिकेत (लिम्फमध्ये) जातात. छातीतल्या मोठ्या लसिकावाहिनीतून ते शिरेत उतरेपर्यंत जेवण होऊन काही तास गेलेले असतात. प्रयोगशाळेत आतड्याच्या पेशींच्या थरातून अल्फा-गॅलची चरबी पलीकडे गेली, तीही ॲलर्जीच्या पेशी चाळवण्याची ताकद शाबूत ठेवून, प्रथिने गेली नाहीत. रुग्णही सांगतात, चरबीदार तुकड्याने त्रास जास्त होतो.

कॉमिन्स यांनी रुग्णालयाच्या देखरेखीखाली रुग्णांना डुकराच्या मांसाचे सॉसेज खायला दिले आणि ठरावीक वेळाने रक्त काढत राहिले. बेसोफिल ही रक्तात फिरणारी, आयजीई बाळगणारी, मास्ट पेशीची लांबची बहीण. ती चाळवली की तिच्यावर सीडी६३ नावाची खूण उमटते. सुरुवातीचे दोन-तीन तास काही नाही. मग खूण उमटली, आणि तेव्हाच लक्षणेही आली. पेशी आळशी नव्हत्या. त्यांच्यापर्यंत पदार्थच उशिरा पोचला. डॉक्टरांनी पाठ केलेला दोन तासांचा नियम शेंगदाणे, अंडी, कोळंबी अशा प्रथिनांवरून बनलेला होता. तो मास्ट पेशीचा गुणधर्म कधीच नव्हता.

याच कारणाने एकाच माणसाला एका दिवशी मटणाचा त्रास होतो आणि दुसऱ्या दिवशी होत नाही. तुकडा किती चरबीचा, सोबत दारू होती का, जेवणानंतर श्रम झाले का, यावर पारडे फिरते. आयजीई सापडली म्हणजे रिॲक्शन येणारच असेही नाही. गोचिडींच्या प्रदेशात कित्येकांच्या रक्तात ती असते आणि ते खुशाल मांस खातात.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०१० पासून तिथे साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा विकार (अल्फा-गॅल सिंड्रोम) झाला असावा. त्याच वेळी १,५०० डॉक्टर-आरोग्यसेवकांची पाहणी झाली. त्यातल्या ४२ टक्क्यांनी या विकाराचे नावही ऐकले नव्हते. नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, टेनेसी या राज्यांत राहणाऱ्या मराठी घरांनी हे जाणून असावे. घरामागे झाडी, अंगणात हरणे आणि रविवारी मटण हे तिथले नेहमीचे चित्र आहे, आणि शेळी-मेंढीच्या मटणातही अल्फा-गॅल असतेच. शाकाहारी माणसाने ‘आपला काय संबंध’ म्हणू नये. जिलेटिनच्या कॅप्सूल, शिरेतून द्यायचे जिलेटिनचे द्रव, डुकराच्या आतड्यापासून काढलेले हेपॅरिन, यांतूनही ही साखर येऊ शकते, आणि काही रुग्णांना दूध-तुपाचाही त्रास होतो. पुन्हा गोचीड चावू दिली नाही तर बऱ्याच जणांची आयजीई काही वर्षांत उतरते आणि काहींना मांस पुन्हा चालते.

खुर्चीशेजारी काय करायचे

पुन्हा त्या रुग्णाकडे येऊ, ज्याला औषध चढत असताना खाज सुटली आहे. औषध ताबडतोब बंद, शिर मात्र चालू ठेवायची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रिनॅलिन, दर किलोला ०.०१ मिलीग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलीग्रॅम. गरज पडली तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा. आडवे झोपवून पाय वर, प्राणवायू, भराभर सलाईन. श्वास फार लागला असेल तर बसू द्यावे, पण बीपी उतरलेल्या माणसाला उठवून उभे करू नये. द्रव झिरपून गेल्याने हृदयाकडे परतणारे रक्त आधीच तुटपुंजे असते, आणि उभे राहताच मृत्यू आल्याच्या नोंदी आहेत.

आपल्याकडे रिॲक्शन म्हटले की हात आधी एव्हिल (हिस्टामिनविरोधी औषध) आणि डेक्साकडे (स्टेरॉइड) जातो. मास्ट पेशीत काय घडते हे पाहिले की ही सवय का घातक आहे ते समजते. एव्हिल हिस्टामिनच्या एका रिसेप्टरवर बसते. खाज कमी होते, पण ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन यांना ते हात लावत नाही, आणि गळणाऱ्या रक्तवाहिन्या आवळत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. ॲड्रिनॅलिन एकाच वेळी रक्तवाहिन्या आवळते, हृदयाचा जोर वाढवते, श्वासनलिका उघडते, आणि मास्ट पेशीवरच्या बीटा-२ रिसेप्टरवाटे तिला आणखी रिकामे होण्यापासून रोखते. यादीत त्याच्या जोडीचे दुसरे औषध नाही.

श्रीलंकेत सर्पदंशाच्या हजाराहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांनाही लागू पडावी. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सर्पविषप्रतिबंधक लसीने त्यांच्यात बहुसंख्यांना रिॲक्शन यायची, बहुधा पहिल्याच मात्रेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार आधीच दिलेल्या कमी मात्रेच्या ॲड्रिनॅलिनने पहिल्या तासातल्या तीव्र रिॲक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आणि प्रोमेथाझिन हे हिस्टामिनविरोधी औषध, यांनी घटल्या नाहीत.

सेटुक्सिमॅबच्या बाबतीत गोचिडींच्या भागातल्या अनेक केंद्रांनी पहिल्या डोसआधी अल्फा-गॅलविरोधी आयजीई तपासायला सुरुवात केली. ती सापडली आणि आजार मोठ्या आतड्याचा असेल तर पॅनिट्युमुमॅब हा पर्याय असतो. तेही ईजीएफआरलाच अडवते, पण पूर्णपणे मानवी अँटिबॉडी आहे आणि हॅम्स्टरच्या पेशींत बनते.

राहिले ते आठ जण. २००८ च्या अहवालातल्या २५ रुग्णांपैकी १७ जणांत आयजीई होती, आठ जणांत नव्हती, तरी रिॲक्शन आलीच. लोकप्रिय कथनात हे आठ जण हमखास गळतात, कारण त्यांच्यामुळे गोष्टीला खोच पडते. अँटिबॉडी-औषधांनी आयजीईशिवायही रिॲक्शन येऊ शकते, सायटोकाइनचा लोंढा सुटून किंवा कॉम्प्लिमेंट ही रक्तातल्या संरक्षक प्रथिनांची साखळी चाळवून. म्हणूनच रिॲक्शन सुरू झाल्यावर एक-दोन तासांत ट्रिप्टेजसाठी रक्त काढून ठेवावे, आणि एक नमुना दिवसभराने, सगळे शांत झाल्यावर. मूळ पातळीला १.२ ने गुणायचे, त्यात २ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर मिळवायचे, आणि त्यापेक्षा आकडा वर गेला तर मास्ट पेशी खरोखर रिकाम्या झाल्या होत्या असे समजायचे. हा निकाल पुढच्या डोसचा निर्णय घ्यायला लागतो. ॲड्रिनॅलिन मात्र त्याची वाट न पाहता द्यायचे.